ओला हात आणि चकचकीत मूठ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपले धाकटे मालक, व्यासपीठावरील सन्माननीय विक्रीप्रमुख, आवर्जून आलेले दुकानदार बंधू-भगिनी, कारखान्यातील सर्व सहकारी, आणि लवकर सटकता यावं म्हणून दाराजवळ बसलेल्या माझ्या मुठी विभागातील मंडळींनो,

कोणी सटकायचं नाही. संध्याकाळचा भोंगा अजून व्हायचा आहे, आणि तो होईपर्यंत मी तुमची प्रमुख आहे.

माझ्याविषयी आज इतकं चांगलं बोललं गेलं की मध्येच मला वाटलं, मी गेले की काय. विक्रीप्रमुख म्हणाले, बाई कडक होत्या, पण मायाळू होत्या. कडक होते, हे खरं. दुसऱ्या गोष्टीचा पुरावा त्यांनी दिला नाही, मीही देणार नाही.

आपण गळाच्या काठ्या बनवतो. गिऱ्हाईक विचारतं, काठी किती लांब, किती वाकते, केवढा मासा पेलते. मूठ कशाची, हे कोणी विचारत नाही. पण दिवसभर माणसाच्या हातात असतं काय? मासा? पहिल्या रांगेत आमचे हे बसलेत, त्यांना विचारा. इतकी वर्षं काठावर बसतात, घरी आणतात ते ऊन लागलेलं नाक. हसताय काय? खरं आहे ते. दिवसभर हातात असते ती मूठ.

मी कॉलेजातून पदवी घेऊन इथे आले, तेव्हा थोरल्या मालकांनी पदवीकडे बघितलंही नाही. मला मागच्या हौदावर नेलं आणि म्हणाले, “हात बुडवा.” मग एकेक करून तीन काठ्या दिल्या. एकीची मूठ लाकडाची, एकीची बुचाची, एकीची रबराची. “डोळे मिटा आणि सांगा, हिसका बसला तर यातली कुठली हातात राहील?”

मी म्हटलं, “हात पुसून सांगते.”

ते म्हणाले, “बाई, मासे धरणाऱ्याचा हात कोरडा असतो कधी?”

त्या दिवसापासून ओल्या हातात पारखल्याशिवाय एकही नवी मूठ या कारखान्याबाहेर गेलेली नाही.

मी बुचाची भक्त आहे, अशी एक अफवा आहे. साफ खोटी. या कारखान्यात फोम आणला तो मीच. होडीतून जाड काठी वापरणाऱ्याला फोमच द्यावा. आपटा, धुवा, कुरकुर नाही. लाकूड देखणं, पण जड आणि ओल्या हातात घसरणारं. बूच हलकं; थंडीत हाताला गार लागत नाही आणि माशाने नुसतं चाखून बघितलं तरी तळव्याला कळतं. पण स्वस्त बुचाची भोकं भुसा आणि गोंदाने बुजवली की दुकानात मूठ गुळगुळीत दिसते आणि वर्षभरात उंदराने कुरतडल्यासारखी होते. तेव्हा ‘कुठली मूठ चांगली?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणाच्या हाताला? आमच्या ह्यांची बोटं आता पुरती मिटत नाहीत. त्यांना जाडसर, मऊ मूठ लागते. तीच मूठ मी भुसाताईच्या हातात दिली तर ती मला चार शब्द ऐकवेल. पाहुण्यांसाठी सांगते, भुसाताई म्हणजे आमच्या लेथवरची बाई. बुचाचा भुसा केसांत घेऊनच जन्माला आली असावी.

आता मूळ मुद्दा. सगळ्या काठ्यांना यापुढे एकच नवी मूठ बसणार आहे: काळा फोम, वर चकचकीत मुलामा. धूळ बसत नाही, दिव्याखाली चमकते. ही मूठ कुठे ठरली? वर, बैठकीच्या खोलीत. एसी चालू, टेबलावर बिस्किटं. सगळ्यांनी कोरड्या हातांनी धरून बघितली आणि ‘वा’ म्हटलं. मी म्हटलं, हौदावर नेऊ. विक्रीप्रमुख म्हणाले, “बाई, गिऱ्हाईक हात भिजवून दुकानात येत नाही.”

मी विचारलं, “मग घरी नेऊन ते काठी कपाटात ठेवणार आहे का?”

उत्तराऐवजी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवण्यात आली.

पुढे ठरलं ते असं: चाचणी बंद. सोमवारी हौद बुजवायचा आणि तिथे गाड्या लावायच्या. बाई निवृत्त होतच आहेत.

मंडळी, आत्ता मला ही भेट मिळाली. कागदात गुंडाळलेली सुंदर काठी, तिला तीच नवी मूठ. सत्काराची वस्तू आधी उघडून बघणं असभ्यपणाचं असतं. मी बघितली. सकाळी भुसाताई आणि मी ती हौदावर नेली. मी ओल्या हाताने धरली, भुसाताईने काठीला बांधलेल्या दोरीला एक हिसका दिला, आणि माझा सत्कार हौदाच्या तळाशी गेला. काढला, पुसला, पुन्हा कागदात गुंडाळला. विक्रीप्रमुखांना आत्तापर्यंत कळलंही नव्हतं.

धाकटे मालक, तुमच्यासमोर पाण्याचा पेला आहे. आग्रह नाही.

बुडवलीत बोटं? छान. धरा. घट्ट धरा हं, मी ओढते.

सुटली! अरे, फुलदाणी सावरा कोणीतरी!

काय म्हणालात? उद्या बोलू? उद्या मी नाही, मालक. म्हणून आजच बोलते. नवी मूठ माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही, आणि भोंगा होईपर्यंत सही माझी आहे. ही मूठ मी नापास करते. हौदाच्या फाटकाची किल्ली, भुसाताई, ये, घेऊन जा. लाजू नकोस, चालत ये. सोमवारी मातीचा ट्रक आला तर त्यांना सांग, हौदात एक बाई उभी आहे. निवृत्त माणसाला वेळच वेळ असतो.

आणि ही काठी मी परत करते. हाताला धरवेल अशी मूठ बसवून द्या, आनंदाने नेईन. आमच्या ह्यांचं नाक तेवढंच आणखी लाल होईल.

तुम्ही सगळे आलात, ऐकून घेतलंत, दाराजवळचेही बसून राहिलात, याबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. मुठीत काही कमी-जास्त झालं तर मात्र पोटात घालू नका. परत पाठवा.