लेकीनं निवडलेला खुबा

विद्युतदाहिनीच्या खिडकीपाशी माझ्यापुढे बापलेक उभे होते. कारकुनानं अस्थींच्या मडक्याशेजारी धातूचा काळवंडलेला सांधा ठेवला.

"हा बाईंच्या खुब्यातला. नेणार, की इथंच ठेवू?"

"हे जळत नाही होय गं?"

"या धातूला ही आग काहीच नाही, बाबा."

"तूच निवडला होतास ना?"

"हो. बायोमेडिकलच्या वर्गात तेव्हा आम्ही सांध्यांची झीजच शिकत होतो. सगळ्यात टिकाऊ कुठला, ते डॉक्टरांना मीच सांगितलं."

"तुझी आई आख्ख्या वॉर्डला सांगत सुटली होती. लेकीनं निवडलेला जावई येईल तेव्हा येईल, लेकीनं निवडलेला खुबा तर आला, म्हणे."

"बाबा, नका ना."

"तुमच्या लॅबमध्ये ठेवतात ना असे? झीज मोजायला?"

"ठेवतात."

"मग ने की. तिला आवडलं असतं."

"मोजण्यासारखं काही नाही त्यात."

"बघ तरी नीट. कुठंतरी झिजला असेल."

"झिजायला आधी चालावं लागतं, बाबा. आई अंथरुणातून उठलीच कुठे?"