खापरपणजोबांच्या नावाचा चौक

हसू नका, पण आजही आठवलं की माझे कान गरम होतात. आमचे खापरपणजोबा इंग्रजांच्या काळात पनवेलला वकील होते, पुढे नगरपालिकेत सभासद झाले. गेल्या वर्षी एका चौकाला त्यांचं नाव द्यावं म्हणून मी सह्या गोळा करत फिरत होतो. मासळी बाजाराजवळ एक म्हातारे कोळी काका भेटले.

"गोरगरिबांचे वकील होते ते," मी म्हटलं.

"नाव आयकून हाय," काका म्हणाले. "आमच्या खाडीकाठच्या जमिनीची केस त्यांनीच जिकली."

मी घाईने कागद पुढे केला. "बघा! मग करा सही."

"आमच्या इरुद्ध जिकली. मिठागरवाल्या शेटचे वकील व्हते ते. जमीन गेली आमची. मंग त्या शेटनंच त्यांना नगरपालिकेत बसवला."

मी कागद मागे घ्यायला लागलो, तर काकांनीच हात पुढे केला. "द्या, करतो सई. तुमी काय केलाय त्यात?"

त्यांनी सावकाश सही केली. मी मान खाली घालून उभा होतो. ती सगळी केस आजोबांनी मला लहानपणीच सांगितली होती.