उबेची जागा

सोलमधलं राष्ट्राध्यक्षांचं जुनं निवासस्थान लोकांना बघायला खुलं झालं होतं. आत जायला मनाई. खिडकीतून डोकवायचं नि पुढे सरकायचं. रांगेत दोघी म्हाताऱ्या नणंद-भावजया होत्या.

"अगंबाई! वन्सं, केवढा हा दिवाणखाना! इथे नवरा हरवला तर शोधायचा कुठे?"

"शोधतील शिपाई. काचेला नाक लावू नकोस, वहिनी."

"आणि ही एवढीशी खोली कुणाची?"

"बाईसाहेबांची म्हणे. जमिनीवरच निजायच्या."

"तो कोपरा बघा. जमिनीवर डकवलेला कागद करपलाय."

"जमिनीखालून धग खेळवतात ना, तिची ऊब तिथेच जास्त असणार. आपल्याकडे नाही का करपत?"

"आणि त्या डागाच्या मधोमध ती गोल खूण?"

"कसली गं?"

"भाताच्या वाटीची, वन्सं. भात गरम राहावा म्हणून वर गोधडी घालून ठेवतात ना, तिची. यायच्या माणसासाठी."

"काहीतरीच! तुझं खूळ सगळ्यांना असतं होय? तुझा लेक ग्यु-हान घरातून भांडून गेला तो गेला, आणि तू रोज त्याची वाटी ठेवतेस. घरात विजेचा कुकर असताना!"

"कुकर काय, इथे तर आचारीसुद्धा होते."

"तेच म्हणते मी! एवढे आचारी असताना?"

"आचारी भात रांधतील, वन्सं. वाट कोण बघणार?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, सरका पुढे." नणंदबाई हलल्या नाहीत. थोरामोठ्यांपुढे वाकावं तशा त्या रिकाम्या खोलीपुढे कमरेत वाकल्या. मग हळूच म्हणाल्या,

"वहिनी, गोधडी कुठली घालतेस गं? जाड की पातळ?"

"का हो?"

"आज त्याची वाटी मी ठेवते."