टाकीतलं पानी कुनी नासवलं?

न्हाई, हात घालू नका पाव्हनं, आदी लांबनंच बघा. पुरावा हाय त्यो. पुराव्याला कुनी बी येऊन हात लावाय लागला तर मग माझ्याजवळ काय ऱ्हायलं? बसा. त्या खुर्चीवर नगं, तिचा पाय मोडलाय, हिकडं बसा. सांगलीवरनं एष्टीनं आलासा न्हवं? मग स्टँडवरनं हितवर यायला एवढा येळ? चा घेतलासा म्हनता — कुनाच्या गाड्यावर? धुळाच्या? झालं. म्हनजे त्यानं इचारलं असंल, कुनाकडं चाललाय, आनि तुमी सांगितलं असंल, लालासाहेबाकडं, त्याचं मासं मेलंत. न्हाई सांगितलं? नुसतं बिस्कूट खाल्लं? बरं. तुमी जैन मानूस, माशाचं दुकान असलं तरी मासं जगवायचं दुकान हाय, खोटं बोलनार न्हाई म्हनून तर तुमास्नीच बोलावलंय गोमटेशराव. पन धुळा हसला का न्हाई, एवढं सांगा. हसला न्हवं? मला ठावं हाय, सगळं गाव हसतंय.

तर पयल्यापासनं सांगतो. मिरजंला गुडघ्याचं आपरेशन झालं, डॉक्टर म्हनलं, बागंत जायचं बंद. चाळीस वर्सं द्राक्षाची बाग केलेला मानूस घरात बसून काय करनार? भिंती मोजनार? त्या दवाखान्यात काचंची टाकी हुती माशांची, तिच्याम्होरं बसलं की गुडघा दुखतोय ह्येच इसरायचो. म्हनलं, आपुन बी करायची. इकत आनायची न्हाई, करायची. मोबाईलवर एक हिंदी बोलनारा दावत हुता — तीन बाजू प्लायवूडच्या, फकस्त म्होरं काच. आनलं सहा सुताचं जाड प्लायवूड, घेतली करवत. खिळा एक मारला न्हाई, सगळं स्क्रू, कोपऱ्यास्नी आतनं पट्ट्या — बघा की ह्यो सांधा, नख तरी शिरतंय का? लांबनं बघा म्हनलं. थेंब गळत न्हाई. उभ्या तासगाव तालुक्यात कुनी केली न्हाई असली. काच सिलिकॉननं चिकटवली की दोन तास धरून बसावं लागतंय, जरा हलली की गेलंच काम. कोन बसलं? सून. राजेश्वरी — आमच्या वीरधवलची बायको, त्यो मिलिट्रीत हाय, तिकडं राजस्थानात. दोन तास बसली पोरगी, हाताला मुंग्या आल्या तरी सोडली न्हाई. वर फोटू काढून नवऱ्याला धाडला, आबांनी केलीया म्हनून. — ते जाऊ दे. ते सांगायचं कायबी कारन न्हवतं. उलट मला तवाच वळखाय पायजे हुतं, ही एवढी पुढंपुढं का करत्या म्हनून.

का म्हनजे? ही जागा बघा. उजेड हाय, वारं हाय. लग्न होऊन आली तवा ती म्हनाली हुती, आबा, हितं माझी शिलाई मशीन बसंल का? मी म्हनलं, बघू. आनि मग टाकी बसली. ती हसली नुसती. पन बाईमानसाचं हसनं — तुमचं लगीन झालंय न्हवं, मग तुमास्नी काय सांगायचं. तर तुमच्याकडनं बारा मासं आनलं, लालभडक, कसं फिरत हुतं म्हनून सांगू! दुसऱ्या दिशी सगळं वर येऊन तोंड उघडून धापा टाकाय लागलं. तिसऱ्या दिशी सकाळी मी दात घासून आत येतोय तर काय — हिचा हात टाकीत. कोपरापतूर. म्हनलं, काय करतीस गं? तर म्हनत्या, आबा, मासा उलटा पडलाय, हालतोय का बघत हुते. हालतोय का बघत हुते! सांजच्यापतूर बाराच्या बारा गेलं. आता तुमीच सांगा, मी काय समजायचं? त्याच दिशी तिला म्हायेराला घालवली, कोरेगावला. जाताना पाया पडली माझ्या. चूक नसंल तर मानूस पाया पडंल का?

पडंल म्हनता? तुमी गप बसा वो, तुमास्नी आमच्या घरातलं काय ठावं.

म्होरचं ऐका. ती गेल्यावर पानी बदललं, टाकी घासली, तुमच्याकडनं आनखी बारा आनलं. ह्या खोलीला कुलूप. किल्ली कुठं? करदोड्याला, ही बघा. आंघुळीला जाताना बी सोडली न्हाई. आनि तरी बी — तरी बी गोमटेशराव, चार दिसांत बाराच्या बारा! मग कुनी मारलं? मला बनुबाईचा संशय आला, माझ्या बायकूचा, का खोटं बोलू. सुनंशी रोज फोनवर बोलतीया, मी आलो की आवाज बारीक करतीया. पन किल्ली तर माझ्याजवळ. मग तुमचा आला. व्हय, तुमचा! तोंड कशाला पाडताय? इचार केला, ह्यो रोगट मासं इकतोय आनि आमच्या घरात भांडान लावतोय. तसं असंल तर आताच सांगा, सुटलो आमी सगळीच. न्हाई? तुमच्या दुकानात त्याच टाकीतलं बाकीचं अजून फिरत्यात? हं. मग ऱ्हायली सूनच, जायच्या आदी घातलेलं टाकीत मुरलं असंल. आज अकरा वाजता तिचा बाप यायचाय, आप्पासो. म्याच बोलावलंय त्याला, म्हनलं, सांगलीचा जानकार येनार हाय, ये आनि तुझ्या पोरीनं काय केलं ते त्याच्या तोंडनं ऐक. तिकडं वीरधवलनं सांगून ठेवलंय, राजेश्वरी घरात न्हाई तवर सुट्टीला हिकडं येनार न्हाई म्हनून. एकुलता एक हाय. तवा सोक्षमोक्ष आज व्हायलाच पायजे.

काय इचारायचं ते इचारा. पानी? पानी आपल्या हिरीचं, आमी पितो तेच. पानी आनायचा ड्रम नवा. खायाला तुमच्याच पुडीतलं. आतनं काय लावलंय? आता कसं बोललासा! ते कुनाला सुचनार न्हाई, ते माझं डोस्कं हाय. त्यो मोबाईलवाला म्हनला, आतनं रेझिनचं तीन हात द्या. तीन हात! आवं ते केमिकल, नाकाला झोंबतंय, माशाला बाधनार न्हाई? म्हनून एकच हात दिला, त्यो बी पातळ करून. आनि त्याच्या आदी आपला पक्का उपाय. लाकडाला वाळवी लागती पाव्हनं, त्यो हिंदी बोलनारा वाळवीचं नाव काढत न्हाई. म्या मोरचूद कालवलं. किलोभर. निळाशार द्राव करून आतनं-भायेरनं पाजला प्लायवूडला, बुडाला तर चार हात. बागंतल्या बांबूला आमी ह्येच करतो, आमचा बा बी ह्येच करायचा. वाळवीची काय बिशाद!

असं का बघताय? आवं, मोरचूद म्हनजे काय इख न्हवं. चुन्यात कालवून द्राक्षावर मारतो आमी, उभा जलम ह्या हातांनी कालवलंय, आमास्नी काय झालं? लोक द्राक्षं खात्यातच की. मानसाचं येगळं, माशाचं येगळं? किती म्हनता? आख्ख्या टाकीला चिमूटभर बी लय झालं? आनि ते पातळ रेझिनमधनं हळूहळू सुटतंय? — काय तरीच. शेततळ्यात शेवाळ झालं की आमी मोरचुदाची पुरचुंडी बांधून सोडतो, पानी कसं नितळ हुतंय, आनि मासं — तवा मासं —

व्हय. तवा बेडकं उलटी पडत्यात. मासं बी. काठाला पांढरी पोटं दिसत्यात.

ठावं हुतं की वो मला. चाळीस वर्सं ठावं हाय.

तिला घालवली त्या दिशी चार बायका बसल्या हुत्या सोप्यात, शेवया करायला आलेल्या. त्यांच्याम्होरं बोललो मी तिला — आज माशांस्नी इख घातलंस, उद्या आमास्नी घालशील. असं बोललो. सुनंला. पीठ लागलं हुतं तिच्या हाताला, ते पुसत बसली. माझ्या जिभंला हाड न्हाई वो. आता कुठं तोंड दावू मी त्या पोरीला?

ऐका. कागुद हाय का तुमच्याजवळ? एवढंच लिवा, पान्यात इख हुतं. खोटं हाय का? न्हाई न्हवं? मग लिवा की. कुनी घातलं ते लिवू नका, ते माझं मी बघतो, दोन म्हैन्यांनी सवडीनं सांगीन समद्यास्नी. मान कसली हालवताय? तुमच्या बाचं काय जातंय? आवं, माझ्या वयाकडं तरी बघा. ह्या वयात व्याह्याच्या म्होरं मान खाली घालू व्हय?

गाडी वाजली. आगं बनू, कोन हाय बघ! — आलं. उठा, पिशवी घ्या तुमची, ह्या मागच्या दारानं जावा, परड्यातनं सरळ रस्ता लागतोय. आनि धुळाच्या गाड्यावर थांबू नका, हात जोडतो. जावा म्हनतो न्हवं! का हुबं ऱ्हायलासा?

या, आप्पासो, या. बसा. राजेश्वरी बी आली व्हय? बरं झालं. ह्ये सांगलीचं पाव्हनं, निघालंच हुतं. पानी आन गं बनू. — आवं, हात कसलं जोडताय आप्पासो? तुमी पोरीचा बाप. काय? मासं भरून आनलं? साताऱ्यासनं? मोजून चोवीस? आमची चूक पदरात घ्या म्हनता? — आवं, असं बोलू नका. तुमची कसली चूक? खाली बसा आदी, रडू नका वो. तुमच्या पाया पडतो, रडू नका.

राजेश्वरी, थांब. गाठ सोडू नगंस त्या पिशवीची. टाकीत न्हाई. टाकीत घालू नगंस म्हनतो न्हवं पोरी! का म्हनजे? — न्हाई गोमटेशराव, तुमी गप ऱ्हावा. तिनं मला इचारलंय.