गाठ मारलेला प्लग

नाव: सगळे ‘ताई’ म्हणतात, तेच लिहा. वय एक्केचाळीस. धंदा: साफसफाई. राहणार: दवाखान्यामागच्या कामगारांच्या खोल्या.

समक्ष विचारल्यावरून सांगते, ते असं.

मी आणि माझा धाकटा भाऊ त्याच दवाखान्यात कामाला आहोत. मी फरशा पुसते, तो मशिनी दुरुस्त करतो. काल मुकादमाने सामानाच्या खोलीत माझा हात धरला. भावाने सगळ्यांसमोर त्याची गचांडी धरून कानाखाली वाजवली. मुकादम म्हणाला, "हा हात पुन्हा उठणार नाही, बघशील." आम्ही म्हटलं, गर्जेल तो पडेल काय!

आज सकाळी फरशी घासायची मशीन अडली. मोटर घुमायची, पण ब्रश फिरेना. भाऊ म्हणाला, "ताई, मोटर ठणठणीत आहे. खाली काहीतरी गुंतलंय, नाहीतर पट्टा निसटलाय." त्याने प्लग काढला.

आमच्याकडे रीत अशी, की मशीनमध्ये हात घालायचा तर प्लगच्या पिनांवर रुमाल गुंडाळून गाठ मारायची. गाठ दिसली की कुणी प्लगला शिवत नाही. त्या भरवशावर मशीनचं बटण चालूच राहतं, तसं आजही राहिलं. रुमाल माझा. गाठ मीच मारली, दुहेरी.

भावाने मशीन आडवी केली. आत अडकलेली प्लॅस्टिकची दोरी कापून काढली, पट्टा चढवला. "झालंच बघ," म्हणाला. उजवा हात अजून आतच होता. मी बादली उचलायला वळले आणि मशीन सुरू झाली. पट्ट्याने हात मनगटापर्यंत आत ओढला. रक्त भिंतीवर उडालं. तो "ताई, ताई" करून ओरडत होता. मी वायरीच्या मागोमाग धावले. प्लग कोपऱ्यापलीकडे होता, आणि तिथे मुकादम उभा. मी हिसडा देऊन प्लग उपटला.

तो म्हणाला, "मला काय माहीत? निघालेला दिसला, लावला."

अहो, रुमाल सोडल्याशिवाय पिना आत जातील कशा? आणि रुमालाचं टोक त्याच्याच खिशातून लोंबत होतं.

मग मी वायपरची दांडी घेतली. मारलं, हो. पहिला फटका तोंडावर, दात पडले. खाली पडल्यावर त्याच्या हातावर मारलं, हाड मोडल्याचा आवाज आला तरी मारलं. धावत आलेल्या दोघा कामगारांनी मला मागे ओढलं म्हणून तो जिवंत आहे. माझ्यावर काय गुन्हा लावायचा तो लावा, मी नाकारत नाही. रुमाल जमा करून घ्या.

भावाची चार बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याचं उद्या बघू.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात ‘अपघात’ असं दोन ठिकाणी लिहिलं होतं, दोन्ही ठिकाणी मी खोडायला लावलं. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही मी करते. भावाची मागू नका.