वेणूबाईंचा तलाव

मंडळी, ऐका! टाळकऱ्यांनो, जरा हात थांबवा. मृदंगवाले, तुम्हीही दम घ्या. गजराच्या आधी आज एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका हं, घाईनं दिलेली उत्तरं मी फार ऐकली आहेत!

प्रश्न असा. आपण म्हणतो — हे मी बायकोसाठी केलं. हे पोरांसाठी केलं. हे आईसाठी. हे देवासाठी! म्हणतो ना? नुसती मान हलवू नका, तोंडानं बोला! ...हां, म्हणतो. तर मग मला सांगा — ज्याच्यासाठी केलं म्हणता, त्याच्या हाती त्यातलं काय लागलं? मागं वळून बघितलंत कधी?

राहू द्या. आता गोष्ट ऐका. मधनंमधनं हसू येईल, हसून घ्या. शेवटी येणार नाही, हे आधीच सांगतो.

गावाचं नाव सांगत नाही. विट्याच्या आसपासचं कुठलंही समजा. त्या गावचे हिंदुराव देवकर. ऐन तरुणपणी गाव सोडलं आणि गेले कोइमतूरला, गलाईच्या धंद्यात. सोनं-चांदी वितळवायची, शुद्ध करून द्यायची. इथं बसलेल्यांपैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी त्या धंद्यात आहे, तुम्हाला मी काय सांगू! एका खोलीत सगळं. पुढं भट्टी, मागं चूल. नवरा भट्टीपाशी. आणि त्यांची बायको वेणूबाई? भट्टीपाशीही उभी, चुलीपाशीही उभी! त्या बाईला बसलेलं कुणी बघितलंच नाही.

दिवस पालटले. दुकानं झाली. मुलगा धैर्यशील, त्यानं धंदा हातात घेतला. हिंदुराव बायकोला घेऊन गावी परतले, आणि माळावर बंगला बांधला. केवढा बंगला! पाव्हणा आला की त्याला आधी बंगला दाखवायचा, मग पाणी द्यायचं. पाव्हणा तहानेनं कासावीस!

पण बंगल्यात पाय टाकला आणि वेणूबाईंचे पाय गेले. गुडघे धरले, खुबा धरला. काठी आली. मिरजेला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, हृदय अशक्त आहे, भूल सोसणार नाही. मग उपाय काय? डॉक्टर म्हणाले, ‘‘यांना पाण्यात चालवा. कोमट पाणी, छातीएवढं. पाण्यात अंगाचा भार राहत नाही. रोज चालल्या तर चालत राहतील. पण एकदा बसल्या, की बसल्याच. मग मला सांगायला येऊ नका.’’

दवाखान्यात तसला एक हौद होता. दोन्ही बाजूंना धरायला नळ्या, रुंद उथळ पायऱ्या. वेणूबाईंना उतरवलं. बाई आधी घाबरली. लुगड्याचा ओचा घट्ट धरला. मग एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि मंडळी, नळी सोडली की हो तिनं! मधोमध उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘आवं, बघा की! दुकतच न्हाई!’’

पोरीसारखी हसत होती. हिंदुरावांच्या डोळ्यांत पाणी. हे खोटं नव्हतं बरं का! तो माणूस वाईट नव्हता, हे पदरात बांधून ठेवा. वाईट माणसाची गोष्ट असती तर मी सांगितलीच नसती. वाईट माणसाची गोष्ट ऐकताना आपण सगळे सुटतो!

तिथंच हिंदुराव म्हणाले, ‘‘वेणू, घरामागं असा तलाव बांधतो तुझ्यासाठी. रोज चाल.’’

बोलावला इंजिनिअर. नलवडे नावाचा, सांगलीचा. त्यानं डॉक्टरांचा कागद वाचला आणि सरळ नकाशा काढून आणला. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराला लागून लांबट हौद. पाणी साडेतीन फूट. रुंद पायऱ्या, दोन्हीकडं धरायला नळ्या, वर पत्र्याचं छप्पर, कोपऱ्यात पाणी गाळायचं यंत्र आणि पाणी तापवायला हीटर. झालं की! पंधरवड्यात खड्डा खणायचा, उन्हाळ्याच्या आत बाई पाण्यात!

हिंदुरावांनी नकाशा बघितला. उलटा केला. परत सुलटा केला. म्हणाले, ‘‘नलवडे, हे काय? म्हसरं धुवायचा हौद?’’

हसा, हसा! नलवडेही हसला. चुकला तो तिथं. आणि हिंदुराव पुढं काय म्हणाले? ‘‘अवो, गावातला पहिला स्विमिंग पूल. लोक काय म्हणतील?’’

आले लोक! मंडळी, आजारी बाई घरात, डॉक्टरांचा सल्ला हातात, पैसा गाठीला — आणि या सगळ्यांच्या पुढं जाऊन खुर्चीवर बसले कोण? लोक! त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना बोलवावं लागत नाही.

मग बैठका सुरू झाल्या. बंगल्याच्या ओसरीवर टेबल, टेबलावर नकाशा, भोवती माणसं. बायांनो, तुम्ही सांगा — चहा कोण करत असेल? बरोब्बर! जिच्यासाठी तलाव, ती काठी ओट्याला टेकवून गॅसपाशी उभी. बैठक तिच्या पायांची, आणि चहा तिच्याच पायांवर!

पहिल्या बैठकीला वास्तुवाले आले. म्हणाले, पाणी ईशान्येला पाहिजे. ईशान्य कुठं? आवाराच्या पार टोकाला, कुंपणापाशी! मध्ये हिरवळ लावायचं आधीच ठरलेलं. हिरवळीत काठी रुतते हो! पण काठीचं टोक नकाशात काढत नाहीत. तलाव गेला टोकाला.

दुसऱ्या बैठकीला धैर्यशील फोनवर. ‘‘दादा, साडेतीन फुटांत काय पोहणार? मी येणार, पोरं येणार, सूर मारायला नको? साडेपाच करा.’’ वेणूबाईंची उंची पाच फुटांच्याही आतली! नलवडे तोंड उघडणार होता. हिंदुराव म्हणाले, ‘‘पोरगं वरसातनं दोनदा येतंय, त्याचं मन कशाला मोडायचं?’’ झालं, साडेपाच.

मग आकार. सरळ रेघ गावठी दिसते म्हणे! काजूच्या बीसारखा वाकडा करा. वाकड्या तलावात रुंद पायऱ्या बसेनात. मग पायऱ्या काढा, स्टीलची उभी शिडी लावा, चकचकीत दिसते! छप्पर? छप्पर टाकलं तर रस्त्यावरनं तलाव दिसणार कसा? छप्पर रद्द. धरायच्या नळ्या? त्या दवाखान्यासारख्या वाटतात. काढा. मग राहिला हीटर. कुणीतरी बोललं, पाण्यात निळे दिवे आणि एका बाजूला धबधबा घ्या. मशिनांच्या खोलीत एवढं सगळं मावेना. हिंदुराव म्हणाले, ‘‘हीटर राहू द्या. आपल्याकडं उन्हाला काय कमी हाय?’’

आणि प्रत्येक बैठक संपली, की हिंदुराव पाव्हण्यांना सांगायचे — ‘‘वेणूसाठी करतोय हो सगळं!’’ मनापासनं सांगायचे! हेच तर भयंकर आहे, मंडळी. मनापासनं.

एकदा कपबशा गोळा करायला वेणूबाई ओसरीवर आल्या. आता काठी जाऊन चार पायांचा वॉकर आला होता. नकाशा पसरलेला. त्या बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, ‘‘सायब, ह्यात मी कुठनं उतरायचं?’’

नलवड्यानं खाली बघितलं. वास्तुवाल्यानं छताकडं बघितलं. हिंदुराव म्हणाले, ‘‘आगं, धैर्यशील आल्यावर धरून उतरवतील की दोघं-तिघं! तू काळजी कशाला करतीस? तू चहा बघ.’’

वेणूबाई हसल्या. कपबशा घेऊन आत गेल्या.

का बोलली नाही ती? विचारा मला! तिच्या बहिणीनं नंतर विचारलं होतं. तेव्हा वेणूबाई म्हणाल्या, ‘‘धंदा सुटल्यापास्नं ते नुसतं भिंतीकडं बघून बसायचं. तलावाचं निघालं आणि त्यास्नी भूक लागाय लागली. मी कशाला आडवं जाऊ?’’

ऐकलंत? तो म्हणतो, तिच्यासाठी करतोय. ती म्हणते, त्यांच्यासाठी गप्प बसते. दोघं एकमेकांसाठीच! आणि मधल्या मध्ये तिचे पाय जात चालले. मला रागच येतो या गोष्टीचा, मंडळी. किती वेळा सांगितली तरी येतो.

पहिला पाऊस आला, खड्ड्यात चिखल झाला, काम थांबलं. दसऱ्याला फरशी आली, रंग पसंत पडेना, परत गेली. तलाव पुरा झाला माघात. वॉकर कधीच गेला होता. आता चाकाची खुर्ची.

उद्‌घाटनाला अर्धा तालुका! पुढारी आले. पाण्याची पूजा झाली. निळे दिवे, धबधबा, फोटोवर फोटो. चौघांनी वेणूबाईंची खुर्ची उचलून हिरवळीवरनं आणली, कारण हिरवळीत चाकं फिरत नव्हती. पोरांनी सूर मारले. पाणी उडालं, बाईंच्या पायांवर आलं. गार! त्यांनी पाय मागं घ्यायला बघितलं. घेता येईनात.

मग नवऱ्याला जवळ बोलावलं. ‘‘आवं, मला एकदा आत घाला की.’’

हिंदुरावांनी पाण्याकडं बघितलं. शिडीकडं बघितलं. बायकोकडं बघितलं. आणि मंडळी, त्या क्षणी — सगळा गाव भोवती असताना — त्या माणसाला पहिल्यांदा तो तलाव दिसला! इतके महिने नकाशे बघितले, तलाव आत्ता दिसला. ही बाई यात उतरूच शकत नाही. कुठूनच नाही.

म्हणाले काय? ‘‘आज नगं. माणसं हाईत. उन्हाळ्यात बघू.’’

‘‘बरं,’’ वेणूबाई म्हणाल्या.

त्या रात्री हिंदुराव जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी नलवड्याला फोन. ‘‘फोडा. पायऱ्या करा. पाणी साडेतीनवर आणा. नळ्या बसवा. हीटर आणा. छप्पर टाका.’’ नलवडे म्हणाला, ‘‘लोक काय—’’ हिंदुराव ओरडले, ‘‘लोकांला पाय हाईत!’’

मंडळी, आता शहाणपण आलं की नाही? आलं! एवढं आलं, की दिवसभर गवंड्यांच्या डोक्यावर उभे राहायचे. पायरी स्वतः उतरून बघायचे, डोळे मिटून बघायचे, नळी हलवून बघायचे. कुणी तलाव बघायला आला तर हाकलून द्यायचे. जे काम आधी करायचं होतं, ते सगळं केलं. एक गोष्ट सोडून — गेलेला वेळ त्यांना परत आणता येईना. तो कुणाला येतो?

पावसाळा संपत आला तेव्हा पाणी कोमट झालं. हिंदुराव आत गेले. वेणूबाई खाटेवर. आता खुर्चीतही बसवत नव्हतं.

‘‘वेणू, चल. झालं. आता खरं झालं बघ.’’

त्या बघत राहिल्या. राग नाही, काही नाही. म्हणाल्या, ‘‘आवं, मला पाण्याची हौस कवा हुती? मला चालायचं हुतं.’’

हिंदुराव ऐकेनात. भट्टीपाशी कमावलेले हात! उचललं बायकोला. हिरवळ ओलांडली. पायऱ्या उतरले. कोमट पाण्यात, छातीएवढ्या, तिला उभं धरलं. म्हणाले, ‘‘टाक पाऊल. वेणू, टाक की. मी हाय.’’

पाय पाण्यात नुसते लोंबत राहिले.

‘‘टाक गं.’’

‘‘टाकतीया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘टाकतीया की.’’

टाकत नव्हत्या, मंडळी. येत नव्हतं. पण त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणत होत्या. तेव्हासुद्धा! मग हिंदुराव तिला तसंच धरून चालायला लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकापर्यंत. आजही रोज चालतात. बंगल्यात गडी आहेत, पण तिला पाण्यात कुणाला धरू देत नाहीत. चालतो तो. ती पाण्यात असते, एवढंच.

झाली गोष्ट. पदर डोळ्यांना लावू नका. हिंदुरावांसाठी रडणं सोपं आहे, ते इथं नाहीत!

मी तुमच्याबद्दल बोलतो. हा मांडव बघा. केवढी गर्दी! पुण्य पदरात पडावं म्हणून जेवणं लवकर उरकून आलात. पण मला सांगा — घरी कोण राहिलं? प्रत्येकाच्या घरी कुणीतरी राहिलंय. म्हातारी आई आहे. अंथरुणाला खिळलेला बाप आहे. कुबड्या घेणारी बहीण आहे. कीर्तन कुणाच्या नावानं ठेवलंय? वडीलधाऱ्यांच्या! पत्रिकेवर छापलंय तसं. आणि मांडवाला पायऱ्या किती उंच केल्यात, चढताना माझा गुडघा बोलला!

निघताना विचारलं होतं का त्यांना? आई, येतेस का — एवढंच? नाही विचारलं! आपणच ठरवलं, तिला काय, लाऊडस्पीकर आहे, घरनं ऐकू येईल. येतंय का ऐकू? कुणाला ठाऊक! आपण तिथं उभं राहून कधी ऐकलंय?

म्हणून आज गजर मी सांगणार नाही. आरतीचं तबक तसंच राहू द्या, कापूर लावू नका. उठा! बायांनो, बाप्यांनो, उठा, जा घरी. विचारा. आणि विचारून झाल्यावर लगेच निघू नका — ती तुमचं मन राखायला ‘बरं हाय इथंच’ म्हणेल. तिथं बसा. दुसऱ्यांदा विचारा.

ती येते म्हणाली, तर उचलून आणा. मी थांबतो. कितीही वेळ लागू द्या, थांबतो.

जा.