चित्राएवढा चमचा

औषधानं नात गाढ झोपली होती, म्हणून आजी तिला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या रांगेत निवांत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे उभी असलेली, छापखान्यात पानं लावणारी एक बाई भावाशी कुजबुजत होती.

“दादा, डॉक्टर ओरडतील रे.”

“ओरडू देत, खात नाहीत. मला नीट सांग.”

“इथल्या औषधाच्या पत्रकाला कॉम्प्युटरची जुनी भाषा लावली की चित्र नीट येतं, नवी लावली की बिघडतं. चित्र केवढं छापायचं ती मापाची ओळच नव्या भाषेत कॉम्प्युटर वाचत नाही. आज सापडलं.”

“चित्र गायब होतं?”

“झालं असतं तर सुटले असते! मोठं छापलं गेलं.”

“मग रडतेस कशाला? म्हातारे दुवा देतील.”

“अरे, चमच्याचं चित्र आहे! खाली लिहिलंय, बाळाला एवढ्याच चमच्यानं औषध द्या.”

“आणि जास्त गेलं तर?”

“बाळ झोपतं. हाक मारली तरी उठत नाही.”

“पण चित्रावर चमचा ठेवून बघतंय कोण?”

आजींनी ठेवून बघितला होता. घरातला छोटा चमचा चित्रात हरवला, म्हणून त्यांनी जेवणाचा काढला होता. त्यांनी नातीचा गाल थोपटला, मग जोरात पाठ चोळली.

“पोरी, सरक. मला आधी आत जाऊ दे. ही सकाळपासून उठली नाहीये.”